अडीच हजार फेऱ्यांच्या आत कोल्लीमलै

कोल्लीमलैच्या डोंगरावर जायच्या या एका प्रवासातून रघोजीरावांच्या पदरात चार गोष्टी पडायच्या होत्या. पहिली, टॅक्सीचं भाडं वाचणार होतं. दुसरी, मेहुणा शिवराज गेली वीस वर्षं प्रत्येक कार्याच्या आधी फोन करून "भावजी, स्टँडवर घ्यायला माणूस पाठवू का" असं जे विचारायचा, ते कायमचं बंद होणार होतं. तिसरी, शिवराजच्या सासरची मंडळी, ज्यांच्या दारात म्हणे दोन-दोन गाड्या असतात, ती नव्या घराच्या अंगणात उभी असलेली, बोनेटवर झेंडूचा हार ल्यालेली पांढरी गाडी पाहून "ही कुणाची" असं विचारणार होती, आणि त्या वेळी रघोजीराव मुद्दाम दुसरीकडे बघत असणार होते. चौथी, या सगळ्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जाणार होता. तो ते स्वतः टाकणार नव्हते. एवढा पोच त्यांना होता. ते फक्त जो कुणी फोटो काढत असेल त्याच्या आसपास गाडी उभी करणार होते.

जमेच्या बाजूला चार बाबी, खर्चाच्या बाजूला पेट्रोल. बत्तीस वर्षं ऑडिट खात्यात काढलेल्या माणसाला इतका स्वच्छ हिशोब बघून संशय यायला हवा होता. दुसऱ्याच्या वहीत दिसला असता तर आलाही असता.

त्यांच्या पत्नीला, कामाक्षीबाईंना, मिळायची होती एकच गोष्ट. शिवराज हा त्यांचा धाकटा भाऊ. नोकरी संपल्यावर त्याने कोल्लीमलैवर मिऱ्याचा मळा घेतला आणि तिथे घर बांधलं. सोमवारी गृहप्रवेश होता. त्यांच्या घराण्यातला रिवाज असा, की नव्या घराचा उंबरठा पहिल्यांदा ओलांडायचा तो घरच्या बहिणीने, पेटवलेली समई हातात घेऊन. तिच्यामागून यजमान, मग दूध उतू घालवणं, मग बाकीचे. बहीण वेळेवर हजर नसली तर वहिनीची बहीण चालते. शिवराजच्या बायकोची बहीण श्रीलक्ष्मी हिने त्यासाठी कांचीपुरमची साडी आधीच घेऊन ठेवली होती, "लागलीच तर असावी" म्हणून. आईवडील गेल्यावर माहेरात कामाक्षीबाईंच्या नावावर एवढा एकच मान शिल्लक होता. मुहूर्त सव्वानऊ ते साडेदहा. साडेदहाला यमगंड, म्हणजे राहुकाळासारखी दीड तासाची अशुभ वेळ लागते, आणि यमगंडात नव्या घरात कुणी पहिलं पाऊल टाकत नाही.

आता गाडीबद्दल. रघोजीराव एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकले आणि चौसष्टाव्या वर्षी त्यांनी ती घेतली. मधली तीन वर्षं तुलनात्मक तक्ते करण्यात गेली. गाडी ताब्यात देताना शोरूमच्या पोराने किल्ली, नारळ आणि मिठाईचा डबा दिला आणि जाता जाता म्हणाला, "सार, पहिले हजार किलोमीटर जरा सांभाळून." दुसरा कुणी मान डोलावून निघून गेला असता. रघोजीराव तिथेच थांबले आणि त्यांनी विचारलं, "कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं होतं गाडीच्या पुस्तकात, पान सत्तावीसवर. पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या वर नेऊ नये. जड ओझं वाहू नये. एकाच वेगाने फार वेळ चालवू नये. आणि सगळ्यात खाली, चढावर इंजिनची दमछाक होऊ देऊ नये, खालचा गिअर वापरावा. रघोजीरावांनी पान सत्तावीस लाल पेन्सिलीने अधोरेखित केलं, त्याच्या दोन छायाप्रती काढल्या, एक गाडीत ठेवली, एक देवघरात. या मुदतीला त्यांनी 'प्रोबेशन' असं नाव दिलं. नवा कारकून लागला की सहा महिने त्याला कुणी रागवायचं नाही आणि त्याच्याकडून काम झालं नाही तरी चालतं, असा त्यांच्या खात्याचा अनुभव होता. गाडीलाही तेच लागू केलं.

पुढचे पंधरा दिवस तंजावूर ते पापनाशम आणि तंजावूर ते ओरत्तनाडु या दोन्ही रस्त्यांवरच्या म्हशींनीसुद्धा ही गाडी ओळखीची करून घेतली. 'एकच वेग फार वेळ नको' म्हणून पाच मिनिटं चाळीस, पाच मिनिटं पन्नास, तीन मिनिटं साठ, पुन्हा चाळीस. शेजारी कामाक्षीबाई घड्याळ घेऊन वेळ सांगायला. मागून येणारे आधी हॉर्न देत, मग शिव्या देत, मग शेजारून जाताना आत डोकावून बघत, की या माणसाला काय होतंय. म्हणून रघोजीरावांनी मागच्या काचेवर पाटी लावली: 'नवी गाडी. इंजिन मुरत आहे. कृपया पुढे जा.' तमिळमध्ये आणि इंग्रजीत. तंजावूरच्या जुन्या मराठी घराण्यातले असल्याने मराठीतही लिहावी असं फार मनात होतं, पण तंजावुरात ती वाचणार कोण? घरातला मुलगासुद्धा देवनागरी बघितली की हिंदीवाल्यांचं पत्र आलंय का म्हणतो.

गृहप्रवेशाची पत्रिका आली तेव्हा गाडीचे चारशे बारा किलोमीटर झाले होते. शहाण्या माणसाने टॅक्सी केली असती. रघोजीरावांनी शोरूमला ईमेल केलं: 'विषय: प्रोबेशनवरील वाहन डोंगरात नेण्यास परवानगी.' दोन दिवसांनी उत्तर आलं, की आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. रघोजीरावांनी ते छापलं, त्यावर 'हरकत नाही असे दिसते' असा शेरा मारला आणि फाइलला लावलं.

मग सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरच्या शेषम्मा म्हणाल्या, चार चाकांखाली चार लिंबं पुरतात, पण डोंगराला आठ लागतील. समोरचे सांबशिव म्हणाले, लिंबाचं जाऊ दे, बरोबर जाणता माणूस हवा. जाणता माणूस म्हणजे ते स्वतः. सांबशिवांनी तीस वर्षं बस डेपोत नोकरी केली होती. ती टायरच्या गोदामात, टायर मोजण्यात केली, ही बारीक गोष्ट ते स्वतःहून सांगत नसत. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, आणि म्हणूनच त्यांचा सल्ला अनुभवाने बिघडलेला नव्हता.

"घाटात ड्रायव्हर एक असतो, डोकं दुसरं असतं," सांबशिव म्हणाले. "मी डोकं. तुम्ही नुसता हात चालवा, अण्णा."

अडचण ओझ्याची होती. रघोजीरावांनी वजनकाटा बाहेर काढला. आहेराची ताटं नऊ किलो. समई, कामाक्षीबाईंच्या आईची, कुंभकोणमची घडण, पंधरा किलो. सांबशिव ब्याण्णव. पान सत्तावीस समोर ठेवून रघोजीरावांनी बराच विचार केला आणि निर्णय दिला, की समई बसच्या पार्सलने पुढे पाठवावी.

"आणि सांबशिव?" कामाक्षीबाईंनी विचारलं.

"सांबशिव तांत्रिक बाब आहे."

"मग मीच पार्सलने जाते. समईबरोबर."

समई गाडीतच राहिली, पण कामाक्षीबाईंच्या मांडीवर. मांडीवर ठेवल्याने पंधरा किलोचं ओझं गाडीला कमी कसं होतं, हे रघोजीरावांना विचारण्यात अर्थ नव्हता. ऑडिटमध्ये रक्कम या बाबीतून त्या बाबीत हलवली की प्रश्न मिटतो, यावर त्यांचा विश्वास होता.

रविवारी सकाळी निघून, दर पंचवीस किलोमीटरला इंजिनला विश्रांती देत, मंडळी संध्याकाळी नामक्कलला पोचली. पोल्ट्रीची अंडी नेणारे टेम्पोसुद्धा त्यांना ओलांडून गेले होते, आणि अंडी नेणाऱ्या माणसापेक्षा जपून कुणी गाडी चालवत नाही. रात्र लॉजमध्ये काढून सोमवारी सव्वासातला गाडी डोंगराच्या पायथ्याशी आली. वर सव्वीस किलोमीटर. त्यात केसांच्या आकड्यासारखी सत्तर वळणं. प्रत्येक वळणाला सरकारने पाटी लावलेली: सत्तरपैकी एक, सत्तरपैकी दोन. शिवराज फोनवर म्हणाला होता, "अक्का, रमतगमत आलीस तरी सव्वा तास."

तंजावूर सपाट गाव. तिथला सगळ्यात मोठा चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल, आणि तोही रघोजीराव पलीकडून कुणी येत नाही ना बघून चढायचे. पहिल्या वळणावर त्यांनी शास्त्रशुद्ध पहिला गिअर टाकला, गाडी सरसर चढली, आणि फेऱ्या दाखवणारा काटा एकदम तीन हजारावर गेला. त्यांनी घाईने दुसरा टाकला, मग तिसरा. काटा हजाराखाली आला आणि गाडी म्हाताऱ्या बैलासारखी थरथरू लागली. बंद पडू नये म्हणून त्यांनी क्लच अर्धा दाबून धरला. थरथर थांबली. काटा अडीच हजाराच्या आत राहिला, गाडी इंचाइंचाने वर सरकली. रघोजीरावांना वाटलं, आपल्याला घाट जमला.

"पण खालचा गिअर वापरा असंही लिहिलंय ना त्यात?" मागून कामाक्षीबाई म्हणाल्या. पान सत्तावीस देवघरात लावल्यामुळे त्यांचं रोज वाचन होत होतं.

"ते सर्वसाधारण कलम आहे. अडीच हजार हे विशिष्ट कलम. दोन्हींत विरोध आला तर विशिष्ट कलम चालतं."

"गाडीला ठाऊक आहे का हे?"

रघोजीराव काट्याकडे बघू लागले. बायकांशी कलमांची चर्चा करू नये, असं त्यांचं सर्वसाधारण कलम होतं.

पाचव्या वळणाला विश्रांती. आठ मिनिटं, घड्याळ लावून. दहाव्याला पुन्हा. बाराव्या वळणावर गाडी अडली, तेव्हा रघोजीरावांनी तांत्रिक बाबीला खाली उतरवलं. चढावर ब्याण्णव किलो अंगावर येतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण तसं न म्हणता ते म्हणाले, "सांबशिव, पुढे जाऊन समोरून काही येतंय का बघा." सांबशिव उतरले. दोन वळणांच्या मधून झाडीत पायवाट जाते, तिथून डोंगरातले लोक ये-जा करतात. सांबशिव धापा टाकत त्या वाटेने वर गेले, आणि गाडी तेराव्या वळणावर पोचली तेव्हा ते दगडावर बसून पेरू खात होते. चौदाव्यालाही ते आधी पोचले. पंधराव्याला त्यांनी एका म्हातारीकडून चहा घेतला होता आणि गाडीकडे बघून ते तिला काहीतरी सांगत होते. म्हातारी हसत होती.

"काय सांगत होतात तिला?" रघोजीरावांनी विचारलं.

"विचारत होती, गाडीत आजारी माणूस आहे का म्हणून. मी म्हटलं, नाही, गाडी बाळंतीण आहे."

विसाव्या वळणाला आठ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. कामाक्षीबाई खिडकीतून पाटी बघत होत्या. सत्तर मिनिटांत वीस वळणं, म्हणजे सत्तर वळणांना चार तास पाच मिनिटं. सव्वासातला निघालेलो, पोचणार अकरा वाजून वीस मिनिटांनी. त्यांनी हे मोठ्याने सांगितलं. त्या काही ऑडिट खात्यात नव्हत्या, त्यामुळे त्यांचा हिशोब बरोबर असायचा.

"पुढची वळणं लहान असतात," रघोजीराव म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"लहान असणारच. डोंगर वर निमुळता होत जातो."

कामाक्षीबाईंनी समई घट्ट धरली. शिवराजचा फोन आला, की श्रीलक्ष्मी साडी नेसून तयार आहे, पण अक्का, तू कुठवर आलीस? त्या म्हणाल्या, "एकविसाव्याला आहे. तू तिला बसायला सांग. साडी चुरगळली तर चालेल म्हणावं."

तिसाव्या वळणापासून वास यायला लागला. जळका, खवट, डोळ्यांत जाणारा. रघोजीरावांनी नाक वर करून, पुन्हा गाडीत येऊन बसलेल्या सांबशिवांकडे बघितलं. सांबशिवांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. ज्या एका गोष्टीसाठी त्यांना आणलं होतं ती घटका आली होती.

"टायरचा नाही," ते ठामपणे म्हणाले. "तीस वर्षं टायर हुंगलेत मी. हा टायर नाही."

"मग कशाचा?"

"ते खातं वेगळं."

विषय तिथे मिटला. वास मिटला नाही. अडतिसाव्या वळणावर मागे बस लागली. नामक्कलहून वर जाणारी, साधी, सरकारी, रंग उडालेली. डोंगरातली सगळी दुनिया आत कोंबलेली. तिच्या ड्रायव्हरला या वळणांचा इतका सराव की तो एका हाताने वळवत होता आणि दुसऱ्या हाताने कंडक्टरला काहीतरी समजावून सांगत होता. तीन वळणं त्याने वाट पाहिली. एक्केचाळिसाव्या वळणाच्या बरोबर मध्यावर पांढऱ्या गाडीने एक हुंदका दिला आणि ती थांबली. इंजिन चालू होतं, काटा अगदी देवासारखा शांत, हजारावर. रघोजीरावांनी गिअर टाकला, अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन गुरगुरलं. चाकं जागची हलली नाहीत. बोनेटखालून निळसर धूर निघून झेंडूच्या हारातून वर गेला, उदबत्तीसारखा.

कंडक्टर खाली उतरला. त्याने आधी पाटी वाचली, मग खिडकीशी आला.

"सार, 'कृपया पुढे जा' एवढं लिहिलंत. कुठून जा, तेही लिहायचं होतं."

"गाडी प्रोबेशनवर आहे," रघोजीराव म्हणाले.

"नोकरीवरून काढा," कंडक्टर म्हणाला आणि त्याने बसकडे वळून हाताने सगळ्यांना उतरायची खूण केली.

सेहेचाळीस माणसं उतरली. त्यांत कॉलेजची पोरं होती, गॅसची शेगडी घेतलेली बाई होती, कोंबड्या होत्या, आणि एक पंचा पांघरलेले, काखेत दर्भाची जुडी धरलेले भटजी होते. रघोजीरावांना या प्रसंगी लाज वाटायला हवी होती. त्यांना वाटली ती रंगाची काळजी. ते गाडीभोवती फिरून सांगत होते, "हाताखाली टॉवेल घ्या. अंगठी काढा. इथे नको, इथे पत्रा पातळ आहे." पोरांनी ऐकून घेतलं आणि जिथे हात बसेल तिथे ढकललं. एक जण मागच्या पाटीवरच हात ठेवून ढकलत होता. त्याच्या घामाने 'मुरत' हा शब्द पुसला गेला.

गाडी वळणाच्या बाहेरच्या कडेला, मैलाच्या दगडाला टेकून उभी राहिली. तेव्हा त्या भटजींनी मोबाइलमध्ये बघितलं आणि कपाळाला हात लावला. नऊ अठ्ठेचाळीस.

"साडेदहाला यमगंड लागतंय," ते कंडक्टरला म्हणाले. "वर मळेवाल्यांचा गृहप्रवेश आहे. मी नाही पोचलो तर होम कोण करणार? या माणसामुळे त्या बिचाऱ्यांचा मुहूर्त जाणार."

"कुणाचा गृहप्रवेश?" कामाक्षीबाईंनी खिडकीतून विचारलं.

"शिवराज म्हणून आहेत. तंजावूरकडचे मराठे. त्यांची बहीण समई घेऊन येणार होती, तीही म्हणे पोचलेली नाही."

कामाक्षीबाईंनी दार उघडलं. मांडीवरची समई आधी बाहेर आली, मग त्या. चिदंबर शास्त्री, कारण भटजींचं नाव तेच होतं, समईकडे बघत राहिले, मग गाडीकडे, मग रघोजीरावांकडे. चाळीस वर्षं लोकांच्या घरची कार्यं लावणाऱ्या माणसाला नातं विचारावं लागत नाही.

"चला अम्मा," ते म्हणाले आणि त्यांनी समईचा बुंधा धरला.

"तू निघालीस?" रघोजीराव म्हणाले.

"मग?"

"गाडी इथे आहे. मी इथे आहे."

"समई तिथे हवी."

"अगं, नवी गाडी अशी रस्त्यावर टाकून..."

"तुमची गाडी प्रोबेशनवर आहे, तिला सांभाळून घ्या," कामाक्षीबाई बसच्या पायरीवर एक पाय ठेवून म्हणाल्या. "मला चाळीस वर्षं झाली. मला कुणी सांभाळून घेत नाही. मी येते."

सांबशिव क्षणभर घुटमळले. मित्राला संकटात सोडू नये, असं त्यांना वाटलं. मग वर केळीच्या पानावर पोंगल आणि वडे वाढायला घेतले असतील असं वाटलं. "बाईमाणूस एकटं कसं जाणार, अण्णा," ते म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी चढून खिडकीची जागा धरली. बस गेली. पुढच्या वळणावरून कुणीतरी हात हलवला. बहुतेक कोंबडीवाल्याने.

रघोजीरावांनी मदत केंद्राला फोन लावला. तमिळसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन. अकरा मिनिटं सनई ऐकल्यावर माणूस मिळाला.

"सर, तुमच्या ठिकाणाचा पिनकोड सांगा."

"वळण नंबर एक्केचाळीस. कोल्लीमलै."

"सर, पिनकोडशिवाय तक्रार नोंद होत नाही."

"वळणाला पिनकोड नसतो."

"जवळची खूण?"

रघोजीरावांनी आजूबाजूला बघितलं. "वळण नंबर बेचाळीस," ते म्हणाले.

शेवटी कळलं ते असं, की गाडी उचलून नेणारा ट्रक या वळणांत मावत नाही, तेव्हा ग्राहकाने गाडी पायथ्याशी आणून द्यावी. ग्राहकाला गाडी पायथ्याशी आणता आली असती तर ग्राहकाने फोन का केला असता, हा प्रश्न त्यांच्या यादीत नव्हता.

त्यांना ओढून नेलं ते एका टेम्पोने. टेम्पोचा ड्रायव्हर कार्तिकेय. मागे प्लास्टिकच्या दीडशे खुर्च्या आणि भाताची पातेली, शिवराजच्याच मांडवाची. त्याने काही न विचारता जाड दोर काढला आणि गाडीच्या पुढच्या आकड्यात अडकवला. पुस्तकात पान चौऱ्याहत्तरवर 'दोराने ओढताना' असं एक प्रकरण आहे. रघोजीरावांनी ते वाचायला घेतलं, पण तोवर गाडी चव्वेचाळिसाव्या वळणात होती. उरलेली वळणं तिने टेम्पोच्या वेगाने घेतली. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच ती मोकळेपणाने पळाली.

शिवराजच्या अंगणात ही वरात शिरली तेव्हा दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. पुढे खुर्च्यांचा डोंगर, त्यामागे दोर, दोराला हार घातलेली पांढरी गाडी आणि आत ताठ बसून स्टिअरिंग फिरवणारे रघोजीराव. मांडवातली सगळी माणसं उठून बाहेर आली. शिवराजच्या सासऱ्यांनी विचारलं, "ही कुणाची?" रघोजीराव त्या वेळी खरोखरच दुसरीकडे बघत होते.

ते उतरून दाराकडे निघाले, तर शास्त्रींनी आतूनच हात वर केला. यमगंड. नव्या घरात पहिलं पाऊल आता बाराच्या नंतर. मग रघोजीरावांना नुकत्याच उतरवलेल्या खुर्च्यांतली एक खुर्ची दिली गेली, फणसाच्या झाडाखाली, गाडीशेजारी. तासभर ते तिथे बसले. येणारा-जाणारा बोनेटजवळ थांबून हुंगायचा. श्रीलक्ष्मीने फोटो काढला, नेसलेली साडी वाया जाऊ नये म्हणून त्यात स्वतःही उभी राहिली, आणि तो ग्रुपवर टाकला. सांबशिव द्रोणात पोंगल घेऊन बाहेर आले आणि त्यांनी सगळी हकिकत सांगितली: दहा बावीसला बस दारात थांबली, अगदी स्टॉप नसताना, कंडक्टरने स्वतः समई उतरवून दिली, वाती पेटवल्या, कामाक्षीअक्कांनी उजवा पाय उंबरठ्यापलीकडे टाकला तेव्हा दहा सव्वीस.

"रडली का?" रघोजीरावांनी विचारलं.

"नाही. तुमच्याबद्दल कुणीतरी विचारलं, तेव्हा हसल्या."

खाली तंजावूरला गाडी तीन दिवसांनी पोचली, ती पायथ्यापर्यंत दोराने आणि पुढे ट्रकवर. वर्कशॉपमध्ये गायत्री नावाची मुलगी होती, तिशीच्या आतली, कमालीची नम्र. क्लचची प्लेट जळून गेली आहे आणि ती वॉरंटीत बसत नाही, असं तिने सांगितलं. चालकाच्या वापराने होणारी झीज, पान एकसष्ट.

रघोजीरावांनी पान सत्तावीसची प्रत टेबलावर ठेवली. "मी तुमच्या पुस्तकातल्या कलमाबाहेर एक फेरासुद्धा जाऊ दिला नाही. तपासा."

"तपासलंय सार. गाडीच्या संगणकात सगळी नोंद असते. पायथ्याचा तो एक सेकंद सोडला तर घाटात एकदाही अडीच हजाराच्या वर नाही." तिने कौतुकाने मान हलवली. "इतकं सुंदर मुरलेलं इंजिन मी बघितलं नाही. पान सत्तावीस इंजिनचं आहे, सार. इंजिनला काही झालेलं नाही."

"हे लेखी द्या."

तिने लेखी दिलं. शिक्क्यासह. खात्यात असताना लोक नाकारलेला दावा हातात घेऊन त्यांच्या टेबलासमोर असेच उभे राहायचे, आणि ते पुढच्या माणसाला बोलवायचे. गायत्रीने निदान पाणी विचारलं.

त्या रात्री रघोजीराव हिशोबाला बसले. क्लचचे अठरा हजार चारशे आणि ट्रकचे नऊ हजार त्यांनी स्वतः भरले. टेम्पोची ओढणावळ शिवराजने भरली, वर "पुढच्या वेळी स्टँडवर माणूस पाठवतो, भावजी" असं म्हणण्याची संधी वसूल केली. श्रीलक्ष्मीने साडीचे भरले, आणि ते वसूल व्हायची शक्यता नव्हती, कारण शिवराजला दुसरं घर बांधायचं नव्हतं. सेहेचाळीस माणसांनी पंचवीस-पंचवीस मिनिटं भरली. ती कुठल्या बाबीत दाखवायची हे न कळल्यामुळे रघोजीरावांनी सोडून दिली. समईला कंडक्टरने सामानाचं तिकीट लावलं होतं. ते शास्त्रींनी भरलं, आणि दक्षिणेत मिळवून शिवराजकडून घेतलं. सांबशिवांनी काही भरलं नाही, पण त्यांच्या पायाला आलेल्या दोन फोडांचा उल्लेख ते रोज करत होते.

राहिलं कामाक्षीबाईंचं बसभाडं. रघोजीरावांनी व्हाउचर मागितलं. त्यांनी पर्समधून एक चुरगळलेलं चिटोरं काढून दिलं. तमिळनाडूत साध्या सरकारी बसला बायकांना भाडं नाही, आणि तो नियम डोंगरातही चालतो. कंडक्टरने रीतसर तिकीट फाडलं होतं, त्यावर छापलेलं होतं: शून्य रुपये. रघोजीरावांनी ते उलटसुलट करून पाहिलं, उजेडाकडे धरलं, तारीख तपासली आणि फाइलला लावलं. सगळ्या फाइलमध्ये ज्याच्यावर हरकत काढता येत नव्हती, असा तेवढाच एक कागद होता.